पंगतीतील श्रीखंड आणि व्यापाऱ्याची तागडी

व्यापारी संघाच्या स्मरणिकेत कापसाची आवक, बाजार समितीचे नियम, वस्तू व सेवा करातील फेरफार यांविषयी लेख यावेत हे योग्यच आहे. अशा पानांत मिष्टान्नाचा विषय घेऊन बसणे काही सभासदांस पोरकटपणाचे वाटेल. परंतु ज्या जिनसेत दूध, साखर, केशर आणि मनुष्याचा वेळ असे चार मोलाचे पदार्थ पडतात, जिचे वजन होते, भाव होतो आणि जिच्यात भेसळही होते, ती व्यापाऱ्याच्या विचाराबाहेरची कशी म्हणावी? शिवाय आपण दुकान बंद करून घरी जातो ते शेवटी जेवावयासच.

श्रीखंडाविषयी लिहावे असे आम्हांस वाटले त्याला कारण गेल्या दोन-तीन लग्नसराईंतील पंगती. पंगती कसल्या, मांडवात एका ओळीने लावलेली टेबलेच ती! रबडी, रसमलाई, जिलेबी, हलव्याचे तीन प्रकार, पलीकडे आइस्क्रीम, आणि या सगळ्यांच्या शेवटी, कोपऱ्यात, प्लास्टिकच्या डब्यात चमचा खोवलेले श्रीखंड. एके ठिकाणी आम्ही आचाऱ्यास सहज विचारले, चक्का कोठला? तो म्हणाला, "शेठजी, चक्का कुठला आता, डबा फोडला." त्याने खोटे सांगितले नाही, एवढ्याबद्दल त्याचे आभार. पण ज्या घरी मुलीच्या लग्नात वाहन, मांडव, रोषणाई यांचा खर्च पै-पैशाने बोलला जातो, त्या घरी मुख्य गोडाचे मूळ कोणास ठाऊक नसावे, याचे आम्हांस वाईट वाटले.

आमचे म्हणणे आरंभीच सांगून टाकतो. आपल्या समाजाच्या पंगतीत गोड एकच असावे, ते श्रीखंड असावे, आणि ते आपल्या देखरेखीखाली, येथल्याच दुधाचे झालेले असावे. हे म्हणणे सर्वांस पटेल अशी आमची अपेक्षा नाही. पण ते का मांडतो, ते ऐकून घ्यावे.

प्रथम या पदार्थाचे कुळ पाहू. संस्कृतात श्रीखंड म्हणजे चंदन. दह्याच्या गोड पदार्थास हे नाव कसे चिकटले, यावर लोक नाना तर्क करतात. कोणी क्षीर आणि खंड असा विग्रह करतात, कोणी फारसी शीर आणि कंद यांकडे बोट दाखवितात. नाव नवे असो वा जुने, पदार्थ मात्र पुष्कळ जुना आहे आणि त्याची जुनी नावे दोन आहेत, रसाला व शिखरिणी. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील अन्नपानाच्या अध्यायात रसाला आहे व ती पौष्टिक म्हणून गणलेली आहे. शिखरिणी हे नाव तर कवींनी एका सतरा अक्षरी वृत्तासही दिले. जिभेवर आणि कानावर एकाच नावाने राज्य करणारा दुसरा पदार्थ आम्हांस आठवत नाही.

कल्याणीच्या चालुक्यांपैकी तिसरा सोमेश्वर याने इसवी सन ११३० च्या सुमारास मानसोल्लास हा प्रचंड ग्रंथ सिद्ध केला. त्यातील अन्नभोगाच्या प्रकरणात राजाच्या ताटातले पदार्थ सांगताना दही-साखरेची शिखरिणी येते. कल्याणी म्हणजे आजचे बसवकल्याण. ते आपणांस दूरचे वाटेल, परंतु तसे ते नव्हते. आदिलाबादजवळ जैनद येथे परमार जगद्देवाचा शिलालेख आहे. हा जगद्देव माळव्याचे राज्य सोडून सोमेश्वराचा पिता सहावा विक्रमादित्य याच्या आश्रयास आलेला होता. म्हणजे ज्या दरबारात शिखरिणीची नोंद झाली त्या दरबाराचाच एक सरदार आपल्या या मुलखात नांदत होता. त्याच्या पंगतीस शिखरिणी होती काय, हे शिलालेख सांगत नाही. शिलालेखांना दान आणि वंशावळ यांपुढे भूक फारशी लागत नाही.

आपणांस अधिक जवळचे दोन पुरावे आहेत व ते आपल्या मुलांस आपण सांगत नाही. पहिला, देवेंद्रसूरींचे पच्चक्खाण भाष्य. तेराव्या शतकातील या ग्रंथात दही ही विगई व तिच्यापासून होणारे पाच पदार्थ सांगितले आहेत, त्यांत करंब, घोल इत्यादींबरोबर शिखरिणी आहे. आयंबिल, नीवी यांचे पच्चक्खाण घेणाऱ्या आजीबाईंना हे पाठ असते. नातवांना मात्र श्रीखंड ही एका कंपनीची चीज वाटते. दुसरा पुरावा मंगरस तिसरा याचा. हा कन्नड जैन ग्रंथकार. त्याने १५०८ साली सूपशास्त्र या नावाचा पाकशास्त्रावरील पद्यग्रंथ रचला आणि त्यात शिखरिणीस जागा दिली. ज्या समाजाने खाण्यातील निषेध सर्वांत बारकाईने पाळले, त्याच समाजातील लेखकाने पाकशास्त्र लिहावे, यात विरोध नाही. जो पुष्कळ पदार्थ टाळतो त्यास उरलेले पदार्थ उत्तम करावेच लागतात.

व्यापाऱ्यास सर्वांत उपयोगी मजकूर मात्र सोळाव्या शतकातील भावमिश्राच्या भावप्रकाशात सापडतो. तेथे रसालेची कृती मापासह दिली आहे. म्हशीचे आंबट व पाणी गाळलेले दही एक आढक, शुभ्र साखर दोन प्रस्थ. स्वच्छ वस्त्रावर थोडे थोडे घालून, वरून दूध ओतीत, नव्या मातीच्या भांड्यात गाळावयाचे. मग वेलदोडा, लवंग, कापूर, मिरी. ही कृती प्रथम भीमाने केली व श्रीकृष्णाने आवडीने पुनःपुन्हा चाखली अशी आख्यायिकाही जोडलेली आहे. भीमाची गोष्ट बाजूस ठेवू. चार प्रस्थांचा एक आढक होतो. म्हणजे पाणी गाळलेल्या दह्याच्या निम्मी साखर. हे निम्मे प्रमाण वाचकांनी ध्यानात ठेवावे, पुढे त्याचा हिशेब करावयाचा आहे.

आता आपल्या जिल्ह्याकडे येऊ. जिल्हा म्हणताना आम्ही जुना आदिलाबाद जिल्हा धरतो. २०१६ च्या ऑक्टोबरात त्याचे आदिलाबाद, निर्मल, मंचिर्याल व आसिफाबाद असे चार भाग झाले, तरी सोयरिकी काही चार झाल्या नाहीत. त्यापूर्वी १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत किनवट व राजुरा हे तालुके आपल्यातून गेले आणि नांदेडकडचा मुधोळ तालुका, भैंसा बाजारपेठेसह, आपल्यात आला. पेनगंगेच्या अलीकडे काय आणि पलीकडे काय, कापूस तोच, तूर तीच, आणि व्यापाऱ्याच्या घरची भाषा सकाळी मराठी, दुपारी अडतीवर तेलुगू आणि मोंढ्यात दख्खनी हिंदी अशी फिरत राहते.

या मिसळीचे उत्तम दर्शन चैत्र शुद्ध प्रतिपदेस होते. त्याच दिवशी शेजारच्या तेलुगू घरी उगादि असते आणि आपल्याकडे गुढीपाडवा. सकाळी शेजारची वहिनी वाटीभर उगादि पच्चडी आणून देते. कडुनिंबाची फुले, चिंच, कैरी, गूळ, तिखट, मीठ अशा सहा रसांची ती वाटी. दुपारी तीच वाटी आपल्या घरून श्रीखंडाने भरून परत जाते. रिकामी वाटी परत द्यावयाची नाही, हा नियम दोन्ही भाषांत सारखाच आहे. वर्षाच्या पहिल्या दिवशी कडू तिकडून यावे आणि गोड इकडून जावे, असा हा व्यवहार किती पिढ्या चालला आहे कोण जाणे. त्यास जमाखर्चाची वही नाही. त्या वाटीत विकतचा डबा रिता करून पाठविणारी घरे आता दिसू लागली आहेत. शेजारीण काही बोलत नाही, पण तिची पच्चडी मात्र घरीच वाटलेली असते.

श्रीखंड करणे अवघड नाही, पण त्यास घाई चालत नाही. म्हशीचे दूध तापवून कोमट करावे, विरजण थोडे व ताजे असावे. आपल्याकडे वैशाखात पारा ४५ अंशांपर्यंत जातो आणि पौषात १० च्याही खाली येतो. म्हणून उन्हाळ्यात दही पाच तासांत लागते व सहाव्या तासापासून आंबू लागते, तर थंडीत पातेल्यास घोंगडी गुंडाळून चुलीजवळ ठेवावे लागते. लागलेले दही घट्ट, कवडी पडलेले असावे. ते धुतलेल्या पंच्यात बांधून खुंटीस टांगावे. पहिला तासभर धार लागते, मग थेंब, मग थेंबांतील अंतर वाढत जाते. पाणी पुरते गळाल्याशिवाय चक्का काढणाराने पुढे श्रीखंड सैल पडले म्हणून तक्रार करू नये. चक्क्यात साखर कालवून तास-दोन तास मुरू द्यावी, नंतर पातेल्याच्या तोंडास पातळ फडके ताणून बांधून त्यावरून हाताने गाळावे, किंवा पुरणयंत्रातून काढावे. केशर कोमट दुधात खलावे, जायफळ सहाणेवर उगाळावे. किसणीवर किसलेले जायफळ दातांत येते. वेलदोडा, चारोळी. इतकेच. पिवळा रंग घालण्याचे कारण नाही. ज्यास केशर परवडत नाही त्याने पांढरे श्रीखंड करावे, ते काही कमी प्रतीचे नव्हे.

आता तागडी हाती घेऊ. साधारणपणे तीन लिटर चांगल्या दुधास एक किलो चक्का पडतो, दूध व पिळणूक यांप्रमाणे थोडे अधिक-उणे. चक्क्यात घन अंश तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास असतो, बाकी पाणी. श्रीखंडासाठी सरकारने जे मान ठरविले आहे ते असे: एकूण घन अंश शेकडा ५८ हून कमी नसावा, त्या कोरड्या अंशात स्निग्धांश निदान ८.५ टक्के, दुधाचे प्रथिन निदान ९ टक्के, आणि साखर ७२.५ टक्क्यांहून अधिक नसावी. आकडे शास्त्रीय दिसतात, पण मुनीमजींप्रमाणे मांडले की चित्र स्पष्ट होते. कायद्याच्या काठावरचे १०० ग्रॅम श्रीखंड घेतले तर त्यात पाणी ४२ ग्रॅम, साखर ४२ ग्रॅम, आणि दुधाचा सगळा अंश मिळून १६ ग्रॅम. त्या सोळांत स्निग्धांश पुरता ५ देखील नाही. असा माल विकणारा कोणताही गुन्हा करीत नाही. तो कायदेशीर माल आहे. परंतु कायदेशीर माल आणि चोख माल हे दोन शब्द आपल्या पेढ्यांवर वेगवेगळे का वापरले जातात, ते सभासदांस सांगावयास नको.

न्यायासाठी दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. आपल्या कित्येक घरांत चक्क्याइतकीच साखर, म्हणजे किलोस किलो, घालण्याची चाल आहे. तिचा हिशेब केला तर कोरड्या अंशात साखर ७५ टक्के होते. म्हणजे आपल्या प्रेमळ गृहिणी सरकारी मर्यादेच्याही पलीकडे जातात! तेव्हा बाजारच्या डब्यास गोडमिट्ट म्हणून नावे ठेवताना जपावे. भावमिश्राने साखर निम्मीच सांगितली होती. निम्म्या साखरेचे श्रीखंड आजच्या जिभेस आंबट लागेल आणि त्याचा घन अंशही ५८ टक्क्यांस पोहोचणार नाही, म्हणून विक्रीस ते चालावयाचे नाही. घरी मात्र कोणाची आडकाठी नाही. आमच्या मते किलो चक्क्यास पाऊण किलो साखर हे प्रमाण पंगतीस उत्तम. त्यात सहा टक्के स्निग्धांशाचे म्हशीचे दूध वापरले असेल तर शंभर ग्रॅमांत दहा ग्रॅमांच्या आसपास स्निग्धांश उतरतो, कारण गळालेल्या पाण्याबरोबर तो फारसा जात नाही. कायद्याच्या किमान प्रमाणाच्या तो दुप्पट झाला. श्रीखंडाचा जो मऊ, दाट, जिभेवर रेंगाळणारा गुण आहे तो येथून येतो, साखरेतून नव्हे.

कारखान्यांचा आम्हांस द्वेष नाही. बडोद्याच्या सुगम डेअरीने फडक्याऐवजी फिरत्या यंत्राने दह्यातील पाणी काढण्याची पद्धत बसविली; साय काढलेल्या दुधाचे दही लावून, त्याचा चक्का करून, मागाहून मोजून मलई मिसळावयाची, अशी ती रीत आहे. तिच्यामुळे स्निग्धांश वाया जात नाही, माल रोज एकसारखा निघतो व स्वच्छ असतो. वारणानगरचे सहकारी श्रीखंड किंवा भिलवडीहून निघून पुण्यात नावारूपास आलेल्या चितळ्यांचे श्रीखंड यांनी लाखो घरांतील सण साजरे केले आहेत. मुंबईच्या दोन खोल्यांत राहणाऱ्या नोकरदार जोडप्याने चक्का कोठे टांगावा? त्याने डबा आणावा, सुखाने खावा. आमचा प्रश्न आदिलाबादच्या वाड्यांतील आहे. येथे खुंट्या आहेत, पडव्या आहेत, गावोगावचे दूध सकाळी सातच्या आत दारी येते, आणि तरीही आपण शेकडो मैलांवरून थंड गाडीत बसून आलेला डबा फोडतो.

त्याहून गंभीर गोष्ट नाव नसलेल्या मालाची. सुट्या बादल्यांतून येणारा चक्का, ज्यावर ना बनविणाराचे नाव, ना परवाना क्रमांक, ना तारीख, तो स्वस्त म्हणून घेण्याचा मोह आचाऱ्यांस आणि कधी आपणांसही होतो. पिठूळ घालून घट्टपणा आणता येतो, वनस्पती तेलाने स्निग्धपणा आणता येतो, रंगाने केशर आणता येते. अन्नभेसळीविरुद्धचा पहिला देशव्यापी कायदा १९५४ चा, त्याची जागा २००६ च्या अन्नसुरक्षा कायद्याने घेतली. दुधाऐवजी दुसरी चरबी वापरलेल्या वस्तूस दुधाच्या पदार्थाचे नाव देण्यास आज मनाई आहे. पण निरीक्षक प्रत्येक मांडवात येणार नाही. पिठूळ ओळखण्याची युक्ती सोपी आहे. चमचाभर चक्का पाण्यात कालवून त्यावर टिंक्चर आयोडीनचे दोन थेंब सोडावेत. निळा रंग आला तर पीठ आहे. कापसाची गाठ फोडून आत हात घातल्याशिवाय जो सौदा करीत नाही, त्याने चक्क्याबाबतच एवढा विश्वासू का व्हावे? आणि सभासदांपैकी जे स्वतः असा सुटा माल ठेवतात त्यांस आमची स्पष्ट विनंती आहे की तो दुकानातून काढावा. नफा मोठा नाही, आणि तो खाणारी मुले आपल्याच ओळखीची आहेत.

आता पानाकडे. श्रीखंड-पुरी म्हटली की महाराष्ट्रीय ताटात बटाट्याची भाजी, वरण-भात, भजी, उडदाचा पापड हे ओघाने येतात. आपल्या ताटात बटाटा नाही हे आचारी आता शिकले आहेत, कच्च्या केळ्याची भाजी ते झकास करतात. परंतु द्विदलाचा विचार पुष्कळ ठिकाणी सुटतो. न तापविलेले दही व डाळ यांचा संयोग आपल्याकडे वर्ज्य, आणि श्रीखंड हे न तापविलेले दहीच आहे. मग त्याच ताटात बेसनाची भजी, मुगाची कोशिंबीर आणि तुरीचे वरण कसे? वृद्ध माणसे श्रीखंड-पुरी आधी खाऊन, वाटी धुऊन, पाणी पिऊन मग वरणास हात लावतात. तरुणांस ते कर्मकांड वाटते, आणि यजमानास आपल्या चुकीची जाणीवच नसते. थोडी योजना केली तर हा सगळा संकोच टळतो. कढी करावी, पण तिला बेसनाऐवजी तांदळाचे पीठ लावावे; चक्क्याचे गळालेले पाणी तिच्यात उत्तम खपते. पापड तांदळाचे किंवा ज्वारीचे. मसालेभातात वाटाणा नको, तोंडली घालावी. मेथीच्या पुऱ्या कितीही चविष्ट असोत, त्या दिवशी नकोत. मेथीही द्विदलातच मोडते. साधी पुरी, केळ्याची भाजी, कढी, भात, श्रीखंड. हे ताट गरीब दिसते काय? आम्हांस तरी ते फार श्रीमंत दिसते.

दह्याच्या काळमर्यादेचा प्रश्न राहिला. आम्नायपरत्वे ती आठ प्रहर किंवा सोळा प्रहर धरतात, मोजणी आपापल्या गुरुजनांस विचारून करावी. आठ प्रहर पाळणाऱ्यांनी संध्याकाळी विरजण लावावे, पहाटे दही टांगावे, दुपारी गाळून सूर्यास्तापूर्वी पंगत उठवावी. सोळा प्रहर मानणाऱ्यांस रात्रभर टांगण्याची सवड मिळते. आठवडेच्या आठवडे टिकणारा डबा या हिशेबात कोठे बसतो, हे ज्याचे त्याने ठरवावे. आम्ही कोणाच्या ताटात डोकावणार नाही. पण समाजाच्या नावाने वाढले जाणारे अन्न सर्वांनी निःशंक खाता यावे, एवढी अपेक्षा गैर नाही.

यावर एक आक्षेप येईल, आणि तो घरच्या बायकांकडून येईल. तीनशे माणसांचे श्रीखंड गाळावयाचे ते कोणी? पुरुषमंडळी लेख लिहिणार आणि हात आमचे दुखणार! आक्षेप रास्त आहे. म्हणून आम्ही सुचवितो की हे काम पुरुषांनी अंगावर घ्यावे. दुधाचा सौदा करणे, वजन करणे, पिशव्या बांधणे, टांगणे, गाळणे यांत व्यापाऱ्यास न येणारे असे काय आहे? भीम राजवाड्यातला होता, तरी आख्यायिकेने त्याच्याच हाती फडके दिले. तरुण मुलांस हिशेबाच्या वह्या शिकविण्याआधी एकदा दूध ते श्रीखंड हा सारा व्यवहार मोजून करावयास लावावा. घट म्हणजे काय आणि चोख म्हणजे काय, हे त्यांस दोन दिवसांत कळेल.

दुसरा आक्षेप मानाचा. एकच गोड केले तर लोक काय म्हणतील? लोक घरी जाताना काय म्हणतात, ते आम्ही मांडवाच्या दाराशी उभे राहून पुष्कळदा ऐकले आहे. दहा पदार्थांच्या जेवणाविषयी कोणी दहा वाक्ये बोलत नाही. "गर्दी फार होती" एवढेच बोलतात. उष्ट्या ताटांतून जे फेकले जाते त्याचा दूधहिशेब आम्ही येथे करीत नाही. तो करवत नाही.

तेव्हा संघाच्या कार्यकारिणीपुढे आमची सूचना अशी. येत्या वार्षिक स्नेहभोजनात प्रयोग करून पाहावा. तीनशे पाने धरली व माणशी १५० ग्रॅम श्रीखंड धरले, तर ४५ किलो लागेल. पाऊणपट साखरेच्या प्रमाणाने त्यास २६ किलो चक्का व १९ ते २० किलो साखर हवी. चक्क्यासाठी दूध ७८ लिटर. सांड-लवंड धरून ८५ सांगावे. एवढे दूध एका गवळ्याकडे मिळणार नाही, तिघा-चौघांकडे विभागून, निदान तीन दिवस आधी बयाणा देऊन सांगावे लागेल, आणि घेताना प्रत्येकाचे दूध वेगळे तापवून वेगळे विरजावे, म्हणजे कोणाच्या दुधाचा चक्का किती पडला ते वजनावर दिसेल. पंचे नवे नकोत. नव्या कापडाची खळ चक्क्यास लागते. दोनदा धुतलेले, उन्हात वाळविलेले, दहा-बारा पंचे पुरतील. टांगण्यासाठी संघाच्या सभागृहाच्या मागील पडवीतील आडवी तुळई मजबूत आहे, आम्ही ती पाहून आलो आहोत.